स्वयंपाकघर आणि धुणे : काटकसर नेमकी कुठे करावी?

प्रश्न

घर चालवण्याची पूर्ण जबाबदारी माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. या काळात नातेवाईक, शेजारी, मैत्रिणी अशा सगळ्यांना काटकसरीचे उपाय विचारून मी ते एका वहीत उतरवत गेले. ती वही आता भरत आली आहे आणि माझा गोंधळही तिच्याबरोबर वाढला आहे. एकीने सांगितले की वॉशिंग मशीनमध्ये खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातले तर पावडर निम्मी लागते. दुसरीचे म्हणणे असे की नवा रंगीत कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की त्याचा रंग कायमचा पक्का होतो. तिसरीने साबणाच्या वड्या किसून, त्यांत धुण्याचा सोडा मिसळून घरीच पावडर करायला शिकवले. ही पावडर मी मोठ्या उत्साहाने तीन महिने वापरली. खर्च कमी झाला यात शंका नाही, परंतु आता पांढरे कपडे राखट दिसू लागले आहेत आणि टॉवेल इतके कडक व ओशट झाले आहेत की अंग पुसले तरी पाणी अंगावरच राहते. हे टॉवेल टाकून नवे घ्यावे लागले, तर पावडरीवर वाचवलेले सगळे त्यातच जाईल.

स्वयंपाकघरातही तीच अवस्था आहे. झाकण ठेवा, कडधान्ये भिजवा, गॅस आधीच बंद करा, असे बरेच काही वहीत लिहिलेले आहे, पण यांपैकी कशाने किती फरक पडतो हे कोणीच सांगत नाही. मला कष्टांचे वावडे नाही. ज्या कष्टांतून काहीच वाचत नाही ते मात्र करायचे नाहीत. आमचे पाणी जड आहे, त्यामुळे नळाच्या तोंडाशी आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर जमतो. स्वयंपाक गॅसवर होतो, बहुतेक कपडे मशीनमध्ये जातात आणि नाजूक कपडे मी हाताने धुते. ज्यांनी हे सारे वर्षानुवर्षे केले आहे, त्यांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या टॉवेलांचे जे झाले ते माझ्याही घरी एकदा झाले होते, म्हणून धुण्यापासूनच सुरुवात करते. दोष तुमच्या हातांचा नाही, साबण आणि जड पाणी यांच्या वैराचा आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावला की पाण्यात न विरघळणारा चिकट, राखट साका तयार होतो आणि तो धाग्यांत जाऊन बसतो. तुम्ही घातलेला धुण्याचा सोडा धुण्याच्या पाण्यातील क्षार बऱ्याच अंशी आवरतो, हे खरे. परंतु विसळण्याच्या वेळी मशीन पुन्हा ताजे, जड पाणी घेते आणि कपड्यात उरलेला साबण त्या पाण्याला नव्याने भेटतो. प्रत्येक धुण्यात थोडा थोडा साका साठत जातो, म्हणून पहिल्या महिन्यात काही कळत नाही आणि तिसऱ्या महिन्यात टॉवेल पाणी पिईनासे होतात. डिटर्जंट पावडरीतील घटक अशा पाण्यातही आपले काम करतात, आणि जड पाण्याच्या घरात ती साबणाहून शेवटी स्वस्त पडते.

टॉवेल टाकू नका. ते ६० अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात, नेहमीची डिटर्जंट पावडर आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून, दोन-तीन तास भिजत ठेवा आणि मग त्याच गरम पाण्यात धुऊन दोनदा विसळा. हात घालताना रबरी मोजे वापरा, कारण सोडा त्वचेला त्रास देतो. अशी दोन-तीन धुणी झाल्यावर टॉवेल पूर्ववत होतात, असा माझा अनुभव आहे. हा उपाय फक्त सुती आणि पक्क्या रंगाच्या कपड्यांसाठी आहे. लोकर आणि रेशीम यांना तो मुळीच करू नका. टॉवेलांना सुगंधी कंडिशनर लावण्याची सवय असेल तर तीही सोडावी, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेलाची शोषून घेण्याची शक्ती कमी करतो. तो खर्च तर वाचतोच, वर टॉवेलही चांगले राहतात.

आता पावडरीच्या मापाविषयी. आपल्यापैकी बहुतेक जणी अंदाजाने पावडर घालतात आणि तो अंदाज नेहमी जास्तीकडे झुकलेला असतो. फेस जास्त झाला की कपडे एकमेकांवर नीट घासले जात नाहीत, विसळताना पावडर पूर्ण निघत नाही, आणि वाळल्यावर कपड्याला कडकपणा येतो. पाकिटावरचे माप पाहून एक जुना चमचा किंवा बाटलीचे झाकण कायमचे ठरवून टाका. जड पाण्यासाठी वेगळे माप दिलेले असेल तर तेच घ्या. जुनी पावडर कपड्यात उरली आहे का हे पाहायचे असेल, तर धुतलेले दोन-तीन टॉवेल काहीही न घालता गरम पाण्यात खळबळून पाहावे. फेस आला तर उत्तर मिळाले.

विजेची खरी बचत पाण्याच्या तापमानात आहे, कारण पाणी तापवणाऱ्या मशीनमध्ये ड्रम फिरवायला लागणारी वीज त्या मानाने थोडी असते. समजा मशीनने धुण्यासाठी १५ लिटर पाणी घेतले आणि ते २५ अंशांवर होते. ते ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते, तर ४० अंशांपर्यंत नेण्यास जेमतेम पाव युनिट लागते. रोजच्या घामाच्या, धुळीच्या कपड्यांना ३० ते ४० अंश पुरेसे आहेत. पावडरीत विकर, म्हणजे मळ तोडणारी एन्झाइम, असतील तर तेही या तापमानाला चांगले काम करतात. गरम पाणी चादरी, टॉवेल, स्वयंपाकघरातील फडकी आणि आजारी माणसाचे कपडे यांच्यासाठी राखून ठेवावे. मशीन भरून लावावे, मात्र कपड्यांच्या वर तळहात आडवा मावेल इतकी जागा सोडावी. कपडे कोंबले की मळ तसाच राहतो आणि तेच धुणे पुन्हा काढावे लागते.

डागांबाबत एकच गोष्ट मनापासून सांगते : आधी डाग ओळखा, मग पाणी तापवा. रक्त, दूध, अंडे यांच्या डागांत प्रथिने असतात आणि गरम पाण्याने ती धाग्यात घट्ट बसतात. असा डाग लगेच थंड पाण्याखाली, कपड्याच्या उलट बाजूने धरावा. तेलातुपाचा डाग याच्या उलट वागतो. त्याला आधी पाणी लावू नये. कोरड्या कपड्यावरच भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब चोळावेत, दहा मिनिटे थांबावे आणि मग कापडाला सोसेल तितक्या कोमट पाण्याने धुवावे. चहा-कॉफीचा डाग ताजा असतानाच साध्या पाण्याने धुतला तर बहुतेक वेळा निघून जातो. डाग गेला नसेल तर त्या कपड्याला इस्त्री लावू नका, कारण उष्णतेने तो कायमचा होतो. डागामुळे चांगला कपडा बाद होणे हे वर्षभराच्या पावडरीच्या बचतीपेक्षा महाग पडते, म्हणून मी या गोष्टीचा इतका आग्रह धरते.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे सोडा आणि व्हिनेगर यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. खायचा सोडा हा अल्कली आहे आणि व्हिनेगर हे आम्ल. दोन्ही एकत्र आले की फसफसून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, आणि मागे उरते ते पाणी व सोडियम ॲसिटेट. फसफसणे पाहून सफाई होत आहे असे वाटते, परंतु त्या क्षणी दोन्ही उपयुक्त पदार्थांनी एकमेकांना निकामी केलेले असते. पैसे दोन वस्तूंचे खर्च होतात आणि हाती जवळजवळ खारट पाणी येते. तुमच्या वहीतील हा उपाय निःशंकपणे खोडून टाकावा.

हेच दोन पदार्थ वेगवेगळे वापरले तर मात्र गुणाचे आहेत. नळावरचा आणि किटलीतला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. किटलीत पाणी आणि एक मोठा चमचा सायट्रिक आम्ल घालून उकळी आणावी, अर्धा तास तसेच ठेवून ओतून द्यावे, आणि नंतर दोनदा साधे पाणी उकळून फेकावे. सायट्रिक आम्लाला व्हिनेगरसारखा उग्र वास नसतो, म्हणून मला ते अधिक पसंत आहे. नळासाठी व्हिनेगरात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले की पुरते. संगमरवरावर आणि चुनखडीच्या फरशीवर मात्र कोणतेही आम्ल सांडू देऊ नये, कारण तो दगडही त्याच कार्बोनेटचा बनलेला आहे आणि त्यावर कायमचा खळगा पडतो. काही जण दर धुण्याला विसळण्याच्या पाण्यात व्हिनेगर घालतात. कधीतरी अल्प प्रमाणात ते चालेल, परंतु रोजच्या वापराने मशीनच्या रबरी भागांना अपाय होऊ शकतो.

मिठाविषयीची समजूत कशी निर्माण झाली असावी याचा अंदाज येतो. सुती कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घालतात आणि त्यामुळे रंग धाग्याकडे अधिक ओढला जातो. तयार कपड्याचा सुटणारा रंग घरच्या मिठाच्या पाण्याने पक्का होत नाही. पहिली तीन-चार धुणी वेगळी आणि थंड पाण्यात करणे, कपडा उलटा करून धुणे आणि उलटाच सावलीत वाळवणे, हे खरे उपाय आहेत व त्यांना काहीही खर्च येत नाही.

एक इशारा ठळकपणे देतो. काटकसरीच्या भरात उरलेली साफसफाईची द्रव्ये कधीही एकत्र करू नका. क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये व्हिनेगर, सायट्रिक आम्ल किंवा शौचालय स्वच्छ करण्याचे आम्लयुक्त द्रव्य मिसळले तर क्लोरीन वायू बाहेर पडतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन तयार होतात. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत, आणि बंद मोरीत हा वायू फार लवकर साठतो. एक द्रव्य वापरल्यावर जागा भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी आणि दुसरे वापरायचे असेल तर ते दुसऱ्या दिवशी वापरावे.

प्रतिसाद ३

स्वयंपाकाच्या इंधनाचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला आहे, तो येथे देतो. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी उकळून पूर्ण वाफ होण्यास आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल, म्हणजे त्याच्या सातपट उष्णता खर्च होते. याचा अर्थ असा की उघड्या भांड्यातून वर जाणारी वाफ ही आपण पैसे देऊन तयार केलेली असते. झाकण ठेवण्याने फरक पडतो तो एवढा मोठा. दुसरे असे की उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवली तरी उघड्या किंवा साध्या झाकणाच्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. मोठ्या आचेने पदार्थ लवकर शिजत नाही, केवळ पाणी लवकर आटते. म्हणून उकळी येईपर्यंत मोठी आच, आणि त्यानंतर पाणी हलके हलके उकळत राहील इतकी मंद आच ठेवावी. ज्वाला भांड्याच्या बुडाबाहेर दिसत असेल तर तेवढी उष्णता हवेत चालली आहे असे समजावे. ज्वाला पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली तर बर्नरची छिद्रे साफ करण्याची वेळ झाली आहे.

कुकरची गोष्ट निराळी आहे. त्यात वाफ कोंडली गेल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणूनच कडधान्ये इतक्या लवकर शिजतात. मात्र पहिली शिटी होताच आच कमी करावी. शिटीवाटे निघून जाणारी वाफ ही वायाच जाणारी उष्णता आहे. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा, कारण त्या दहा मिनिटांतही आत शिजणे चालूच असते.

कडधान्ये रात्रभर भिजवण्याने शिजण्याचा वेळ खूपच कमी होतो, तेव्हा तो उपाय वहीत अवश्य राहू द्या. तुमच्या जड पाण्याचा त्रास येथेही होतो, कारण कॅल्शियममुळे दाण्याचे आवरण मऊ व्हायला वेळ लागतो. भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातल्यास मदत होते, परंतु त्याने ब १ जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो, म्हणून प्रमाण चिमटीच्या वर नेऊ नये. टोमॅटो, लिंबू किंवा कोणताही आंबट घटक दाणा पूर्ण शिजल्यावरच घालावा. आधी घातला तर दाणा कडकच राहतो आणि गॅस जळत राहतो.

आता माझा सर्वांत आवडता उपाय, ज्याचा आज बहुतेक घरांना विसर पडला आहे. जाड बुडाच्या भांड्यात तांदूळ किंवा भिजवलेली डाळ व्यवस्थित उकळू द्यावी, घट्ट झाकण लावावे, गॅस बंद करावा आणि ते भांडे जाड गोधडीत किंवा चारही बाजूंनी कापड भरलेल्या खोक्यात तासभर ठेवून द्यावे. कोंडलेल्या उष्णतेवर उरलेले शिजणे पूर्ण होते आणि करपण्याची भीती राहत नाही. भांडे जितके भरलेले, तितकी उष्णता जास्त वेळ टिकते, त्यामुळे थोड्याशा पदार्थासाठी हा उपाय उपयोगाचा नाही. बाहेर काढल्यावर अन्न वाफाळणारे असावे; ते कोमट झाले असेल तर पुन्हा खळखळून उकळी दिल्याशिवाय वाढू नये.

राजम्यासाठी मात्र ही पद्धत थेट वापरू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते, आणि अपुऱ्या उष्णतेत ते नष्ट होत नाही. राजमा किमान पाच तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा. कुकरमध्ये पूर्ण शिजवत असाल तर चिंता नाही.

प्रतिसाद ४

वरील सर्व उपाय उत्तम आहेत, परंतु घरातून सर्वांत जास्त पैसा जातो तो कचऱ्याच्या डब्यातून, हे नम्रपणे सुचवावेसे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. सडलेल्या भाजीबरोबर ती शिजवण्यासाठी राखलेला वेळही जातो.

पालेभाजी ओली ठेवू नये. ती निवडून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली की कितीतरी जास्त दिवस टिकते. सफरचंद, पिकलेली केळी आणि टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्यामुळे शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. त्यांना दूर ठेवावे. बटाटे अंधारात, हवेशीर जागी आणि कांद्यांपासून वेगळे ठेवावेत. उजेडात हिरवे पडलेले आणि कडू लागणारे बटाटे वापरू नयेत. पिठाला किंवा धान्याला कीड लागत असेल, तर आणल्याबरोबर ते बंद पिशवीत चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावे, म्हणजे अंडीही मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर सामान्य तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर आत दमटपणा धरतो.

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये गेले पाहिजे, विशेषतः भात. फ्रीजचे तापमान ५ अंशांच्या खाली असावे. दाराचे रबर सैल झाले आहे का, हे पाहण्यासाठी दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज निघून आला तर तेथून गारवा निसटत आहे.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन टॉवेल सोडा आणि डिटर्जंटच्या गरम पाण्यात भिजवले होते. पाणी अक्षरशः गढूळ झाले, आणि आज सकाळी टॉवेलाने पहिल्यांदाच पाणी ओढून घेतले. उरलेले सहा टॉवेल या आठवड्यात करीन. सोडा आणि व्हिनेगरचे पान फाडून टाकले आहे. एकच शंका उरली आहे. गोधडीचा प्रयोग करण्याआधीच माझी दोन भांडी करपली, एक स्टीलचे आणि एक ॲल्युमिनियमचे. दोन्हीसाठी खायचा सोडा चालेल का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

स्टीलच्या भांड्यासाठी नक्की चालेल. करपलेला भाग बुडेल इतके पाणी आणि दोन मोठे चमचे सोडा घालून दहा मिनिटे उकळा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी लाकडी उलथन्याने बहुतेक थर सुटून येईल. तारेच्या घासणीने जोर लावून घासण्याची गरज पडणार नाही आणि भांड्यावर चरेही पडणार नाहीत.

ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा लावू नका. अल्कलीमुळे त्या धातूवरचा संरक्षक थर विरघळतो आणि भांडे काळवंडते. त्यात गरम पाणी आणि भांडी घासायचे लिक्विड घालून काही तास ठेवा आणि मऊ झालेला थर लाकडी उलथन्याने खरवडून काढा. भांडे आधीच काळे पडले असेल, तर पाण्यात रस काढलेल्या लिंबाच्या साली किंवा एक चमचा सायट्रिक आम्ल घालून पंधरा मिनिटे उकळावे, म्हणजे काळेपणा उतरतो. किटली साफ करण्यासाठी आणलेले सायट्रिक आम्लच येथे उपयोगी पडेल, वेगळे काही विकत घेऊ नका.